बेसमेंटमधला कादंबरीकार आणि जोडपत्र क्रमांक चौदा

विषय : श्री. रामोन (पूर्ण नाव फाइलवर) यांच्यासंबंधीचे किस्से लेखी स्वरूपात नोंदवून ठेवणेबाबत.

संदर्भ : १) लायब्ररीतल्या वाचक मंडळाच्या बुधवारच्या बैठका. २) आमच्या स्वयंपाकघरातला चहा. ३) श्रीमती रिबेकाबाई नागावकर यांचा तोंडी आदेश : "भाऊसाहेब, विसरायच्या आत लिहून काढा. तुमचं वय झालंय."

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, किस्से हे टपालासारखे असतात. रोज एक-दोन येतात तेव्हा काही वाटत नाही. मग एक दिवस मान वर करून बघावं तर टेबल दिसेनासं झालेलं असतं! पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करताना मी हेच पाहिलं. तिथे ढीग फार झाला की शिपाई तो लाल फडक्यात बांधून कपाटावर टाकायचा आणि प्रकरण निकाली निघाल्याचं समाधान सगळ्यांना मिळायचं. इथे कॅनडात, मिसिसागाला मुलीच्या घरी, शिपाई नाही. म्हणून लिहितो.

रामोन स्पेनचा. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावी वर्तमानपत्रात एकतीस वर्षं पत्रकार होता, मग कादंबरीकार झाला. त्याच्या पोलिसी कादंबऱ्या तिकडे विमानतळावर, स्टेशनवर, दवाखान्याबाहेर, थोडक्यात जिथे जिथे माणूस अडकून पडतो तिथे तिथे, धडाक्याने खपतात. हे मोजमाप त्याचंच. गेली तीन वर्षं तो आमच्या बेसमेंटमध्ये राहतो. त्याला कॅनडात कायमचं राहायचं आहे आणि त्यासाठी त्याने अर्ज केला आहे. पुढचं सगळं त्या अर्जाच्या मागेपुढे घडलेलं आहे.

एक खुलासा. आमचं बोलणं इंग्रजीत होतं. मी ते मराठीत लिहितो आहे, कारण आमचं इंग्रजी इतकं बरं नव्हतं.

*

बेसमेंट बघायला आला तेव्हा माझी मुलगी मृणाल त्याला हीटिंग, लॉन्ड्री, वेगळं दार असं उत्साहाने दाखवत होती. हा खिडकीखाली जाऊन उभा. बेसमेंटची खिडकी म्हणजे छताला लागून एक आडवी फट.

"इथून काय दिसतं?" त्याने विचारलं.

मृणाल प्रामाणिक. "समरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. विंटरमध्ये बर्फ."

"म्हणजे कुणाचा चेहरा दिसत नाही?"

"नाही."

"घेतो!"

जावई सचिनने फॉर्म वाचला. व्यवसायाच्या रकान्यात 'रायटर'. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, रायटर म्हणजे अनएम्प्लॉइड! जॉब लेटर मागू या."

मी म्हटलं, "आमच्या खात्यात जॉब लेटर सगळ्यांकडे होतं. जॉब कोण करत होतं ते विचार. राहू दे त्याला."

त्याची एकुलती एक मुलगी इरेने इथल्याच, कॅनडातल्या केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. बायको मागेच वारली. मी सहज विचारलं, "मग मुलीकडेच का राहत नाही?"

तो म्हणाला, "जावयाच्या घरी सासऱ्याने तीन दिवसांच्या वर राहू नये. माणूस कितीही चांगला असला तरी."

मी सचिनकडे न बघता मान डोलावली.

*

त्या वर्षीचा बर्फ पडला. सचिन ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर पडतो तर रामोन आधीच फावडं घेऊन उभा. नुसता उभा! शेजारचे गृहस्थ बर्फ ओढत होते आणि ओढता ओढता त्याच्याशी बोलत होते.

तासाभराने रामोन आत आला तो त्या गृहस्थांचं अख्खं चरित्र घेऊन. रेजिना शहरात सरकारी नोकरी, भावाशी शेतावरून अबोला, गुडघ्याचं ऑपरेशन, दुसरं लग्न. आणि पहिल्या बायकोकडे राहिलेल्या कुत्र्याला ते अजून दर रविवारी भेटायला जातात.

मृणाल म्हणाली, "बाबा, तुम्ही आठ वर्षं इथे राहताय. तुम्हाला त्यांचं नाव तरी माहीत होतं का?"

"गरज पडली नाही," मी म्हटलं. "त्यांचा अर्ज आला नव्हता."

मी रामोनला विचारलं, "लोकांकडून एवढं काढून कसं घेतोस?"

"मी काही काढत नाही. एक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. माणसाला शांतता सहन होत नाही. तो स्वतःच ती भरून टाकतो."

"आणि ड्राइव्हवे?" सचिनने खिडकीतून बघत विचारलं. "तो कुणी केला?"

ड्राइव्हवेही त्या गृहस्थांनीच केला होता. बोलता बोलता. स्वतःचाही आणि आमचाही!

*

आता रिबेकाबाई. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायल. चाळीसएक वर्षांपूर्वी नर्स म्हणून इकडे आल्या. त्यांचं मराठी अजून नारळाच्या झावळ्यांतून आल्यासारखं ऐकू येतं. मी कारकून होतो हे कळल्यापासून त्या मला 'भाऊसाहेब' म्हणतात. रामोनला ते माझं नाव वाटलं, म्हणून तोही 'भाऊसाहेब'च म्हणतो. स्पॅनिश माणसाच्या तोंडून ते फार भारदस्त वाटतं. मी दुरुस्ती केलेली नाही.

दर बुधवारी आम्ही तिघं आणि आणखी काही मंडळी लायब्ररीत एका टेबलाभोवती बसून एका पुस्तकावर बोलतो. डेनिस नावाची लायब्ररियन सूत्रं सांभाळते. एका बुधवारी तिने एक भाषांतरित स्पॅनिश कादंबरी लावली. रामोन स्पेनचा म्हणून त्याला बरं वाटेल, एवढाच तिचा हेतू.

रामोनने त्या कादंबरीची साल काढली! "मधली शंभर पानं फुकट आहेत. लेखकाला बायका कळत नाहीत. पाऊस तर इतका पाडलाय की पुस्तक वाळत घालावं लागेल."

रिबेकाबाईंना पुस्तक अतिशय आवडलं होतं. त्या कडाडल्या, "तुम्हाला कादंबरीतलं काय कळतं हो? पेपरवाले तुम्ही! आग कुठे लागली ते सांगा आणि गप्प बसा. एवढा मोठा लेखक, सात भाषांत जातो तो काय उगाच?"

"सहा," रामोन म्हणाला.

"सात! मागे लिहिलंय!" बाईंनी पुस्तक उलटं करून त्याच्यापुढे धरलं. पुस्तकावरचं नाव टोपणनाव असलं तरी तिथे लेखकाचा फोटो होता. समुद्रावरचा रबरी कोट, दाट दाढी. बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पुन्हा फोटोकडे. 

शेवटी बाईंनी चष्मा काढला आणि अगदी नर्सच्या आवाजात विचारलं,

"दाढी कधी काढलीत?"

*

तो कादंबरीकार कसा झाला, ते त्याने आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं.

ऑगस्टमध्ये म्हणे स्पेन सुट्टीवर जातो. मंत्री समुद्रावर, न्यायाधीश डोंगरावर, चोरसुद्धा आपापल्या गावी. बातमी म्हणून नाही. पान तर भरायचं. संपादक म्हणाला, "रामोन, काहीतरी लिही. खरं नसलं तरी चालेल. ऑगस्ट आहे."

रामोनने रोज पाव पान गोष्ट लिहायला घेतली. नायक एक जाडजूड पोलिस इन्स्पेक्टर. मासेमारीच्या गावात राहून मासे न खाणारा. गाव वेडं झालं! वीस दिवसांनी त्या जागेवर फ्रिजची मोठी जाहिरात आली. संपादक म्हणाला, "आज संपव." रामोनने चार ओळींत इन्स्पेक्टरला गोळी घालून मारलं आणि घरी जाऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी संपादकाची बायको बाजारात गेली. एकही कोळीण तिला मासळी देईना. "तुमच्या नवऱ्याने आमचा इन्स्पेक्टर मारला. आजपासून अंडी खा!" तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी संपादकाच्या घरी अंडीही संपली आणि पाचव्या दिवशी पहिल्या पानावर चौकट आली :

'शुद्धिपत्र. आमच्या रविवारच्या अंकात इन्स्पेक्टर मरण पावल्याचे नजरचुकीने छापले गेले. ते जखमी असून त्यांची प्रकृती सुधारत आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

हे ऐकून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. नोकरीत मी शेकडो शुद्धिपत्रकं काढली. एका धरणाची उंची तीन वेळा दुरुस्त केली. एका सेवानिवृत्त माणसाला शुद्धिपत्रकाने परत कामावर घेतलं. पण मेलेला माणूस जिवंत करायची माझी कधी छाती झाली नाही. रामोनचा इन्स्पेक्टर त्या चौकटीनंतर अकरा कादंबऱ्या जगला आणि अजून मासे खात नाही!

*

मग एवढा खपणारा लेखक आपलं गाव सोडून आमच्या बेसमेंटमध्ये काय करतो?

"तिकडे मला सगळे ओळखतात," तो म्हणाला. "बेकरीवाला पाव देताना सुचवतो की, यंदा खून बेकरीत होऊ द्या. डॉक्टर रक्तदाब मोजताना विचारतो, खुनी कोण? मी सांगत नाही, म्हणून मग तोही माझा रक्तदाब सांगत नाही. एका प्रश्नानंतर गप्प बसणं मला तिकडे जमत नाही, कारण प्रश्न तेच विचारतात. इथे मला कुणी ओळखत नाही. इथे मी पुन्हा पत्रकार झालो. आणि इरेने पाऊण तासावर आहे. आजारी पडलो तर तिला समुद्र ओलांडून यायला नको."

हे शेवटचं वाक्य त्याने बर्फाकडे बघत म्हटलं. मी चहा ओतला.

अडचण अशी की त्याचा अर्ज कलावंतांच्या वर्गवारीतला. त्यात आपण नामवंत आहोत हे कागदोपत्री दाखवावं लागतं. रिबेकाबाईंनी अचूक शेरा मारला : "इथे राहायचं कारण, मला कुणी ओळखत नाही. इथे राहायची अट, मला सगळे ओळखतात! अहो, हे आपल्याकडच्या कुठल्या तरी कार्यालयातून इकडे आलेलं दिसतंय."

*

फॉर्म बघून रामोन घाबरला. मी मात्र फुललो. निवृत्तीनंतर इतका सुंदर फॉर्म माझ्या हाती आला नव्हता.

गाडी पहिल्यांदा अडली ती 'नियोक्त्याचं पत्र जोडा' या ओळीवर. नियोक्ता कोण? तोच. तो हताश झाला. मी म्हटलं, "यात काय विशेष? आमचे साहेब रजेवर गेले की मीच प्रभारी असायचो. माझी रजा मीच मागायचो आणि मीच नामंजूर करायचो. तू स्वतःला पत्र दे."

दुसऱ्या दिवशी त्याने आणून दिलं. 'प्रमाणित करण्यात येते की श्री. रामोन हे अकरा वर्षांपासून माझ्याकडे काम करतात. सकाळी उशिरा बसतात. सांगितलेलं ऐकत नाहीत. मी त्यांना दोनदा काढून टाकण्याचा विचार केला, पण त्यांच्याइतका माझा स्वभाव कुणालाच माहीत नाही. वर्तणूक समाधानकारक.'

शेवटचे दोन शब्द सोडून मी सगळं गाळलं. आजही वाईट वाटतं.

पुढे होतं, 'मुख्य कर्तव्यांची यादी द्या'. मी मसुदा केला : एक, माणसं निर्माण करणे. दोन, त्यांना सकारण ठार मारणे. तीन, कुणी मारलं याचा तपास शेवटच्या प्रकरणापर्यंत लांबवणे.

रिबेकाबाईंनी दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवलं. "हे खोडा. पोलिस क्लिअरन्स अडकेल!"

*

मग कॅनडातल्या लोकांची शिफारसपत्रं हवी होती. रामोनला इथे ओळखणारे आम्हीच.

शेजारच्या गृहस्थांनी लिहिलं : 'हे उत्तम श्रोते असून ड्राइव्हवे नेहमी स्वच्छ ठेवतात.' विधान वस्तुस्थितीला धरून नव्हतं, पण मी गप्प बसलो. डेनिसने लिहिलं की हे पुस्तकं वेळेवर परत करतात. या देशाला अशा माणसांची गरज आहे.

रिबेकाबाईंचं पत्र चार पानी. त्यातली तीन पानं त्याच्या कादंबऱ्यांच्या उत्तरार्धातल्या चुकांवर! मी म्हटलं, "बाई, हे शिफारसपत्र आहे."

"मग? शिफारसच करत्ये मी. ज्याच्याशी इतकं भांडावंसं वाटतं तो माणूस मोठाच असणार. लहान माणसाशी मी एका पानाच्या वर भांडत नाही."

पत्राच्या शेवटी एकच ओळ होती : 'हे परत गेले तर माझा बुधवार रिकामा होईल.' ती ओळ मी रामोनला दाखवली नाही. त्याने ती चोरून वाचली असावी, कारण त्या बुधवारी तो भांडला नाही आणि बाई बिघडल्या. "तब्येत बरी नाही का तुमची?"

*

आता शेवटचा. यात चूक माझी आहे, हे आधीच नोंदवतो.

आमच्या खात्याची शिकवण एकच : कागद कमी पडला तर जबाबदारी आपली, जास्त झाला तर वरच्यांची. त्यामुळे मी अर्जाला मिळेल ते सगळं जोडलं. खुणेच्या पताका लावल्या, पानांना क्रमांक दिले, जोडपत्रांची अनुक्रमणिका केली. जोडपत्र क्रमांक चौदा म्हणजे त्याच्या सगळ्या पुस्तकांची मलपृष्ठं, अधिकृत इंग्रजी भाषांतरासह. हे कुणीही मागितलं नव्हतं. रिबेकाबाई म्हणाल्याही, "भाऊसाहेब, न मागितलेलं औषध पाजू नये." मी ऐकलं नाही. ते मलपृष्ठ छापील होतं, आणि छापील कागदासमोर मी कायम नम्र असतो.

सात महिन्यांनी पत्र आलं. 'आपण अर्जात यापूर्वी कधीही कॅनडात आलो नसल्याचे म्हटले आहे. जोडपत्र क्रमांक चौदानुसार आपण तरुणपणी तीन वर्षे कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासे पकडणाऱ्या बोटीवर खलाशी होता व तेथील वादळातून वाचलात. कृपया तीस दिवसांत खुलासा करावा.' खाली एक परिच्छेद होता. माहिती खोटी ठरली तर अर्ज नामंजूर होईलच, शिवाय काही वर्षं पुन्हा अर्जही करता येणार नाही.

रामोन बेसमेंटच्या जिन्यावर बसला. मी त्याच्या खालच्या पायरीवर.

"कुठल्या साली होतास बोटीवर?" मी विचारलं.

तो गप्प. या वेळी शांतता मला भरून काढता येईना.

"मी बोटीवर नव्हतोच," तो म्हणाला. "प्रकाशक म्हणाला, टेबलावर बसणाऱ्याचं पुस्तक कोण घेणार? त्याने तो परिचय लिहिला. फोटोतला कोट शेजाऱ्याचा होता. मला वाटलं, एका पुस्तकापुरतं असेल. पुस्तक खपलं. मग तो परिचयही खपत राहिला."

"मग तसं लिहून दे."

"भाऊसाहेब, मी एकतीस वर्षं बातमीत स्वल्पविरामसुद्धा खोटा टाकला नाही. आणि आता सरकारला लिहून द्यायचं, की माझ्या प्रत्येक पुस्तकावर मागे खोटं छापलंय? त्यापेक्षा अर्ज मागे घेतो. परत जातो."

 ते मलपृष्ठ मी जोडलं होतं.

बुधवारी रिबेकाबाईंना कळलं. मला वाटलं, मला झोडतील. त्या त्याच्याकडे वळल्या. "परत कशाला जाता? खोटं काय इथे ठेवून जाणार आहात? ते येईल की तुमच्याबरोबर, विमानात, शेजारच्या सीटवर! लिहून द्या आणि मोकळे व्हा."

त्याने लिहायचं ठरवलं. पण त्याआधी एक फोन करायचा होता. इरेनेला. तिला तो लहानपणी झोपताना बोटीच्या गोष्टी सांगायचा. आपला बाप खलाशी होता, हे तिला पाठ होतं; प्रकाशकाने पुढे त्याच गोष्टी परिचयात छापल्या. कारखान्यातल्या लोकांना ती अजून ते अभिमानाने सांगते.

फोन त्याने आमच्या स्वयंपाकघरातून, स्पीकरवर केला. स्पॅनिशमधला मजकूर मला नंतर सांगितला, पण सूर तेव्हाच कळत होता. तो बराच वेळ बोलला.  मग इरेने म्हणाली, "म्हणजे ते वादळ नव्हतंच?"

"वादळ होतं. मी नव्हतो."

"मी त्या गोष्टीला रडायचे, बाबा."

"माहीत आहे."

 मग ती म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी घेते. गाडी मी चालवीन. तुझ्या बसने पोचेपर्यंत नोटरीचं ऑफिस बंद होईल."

प्रतिज्ञापत्र त्याने स्वतः लिहिलं. मी फक्त समास आखून दिला. एकच पान. 'मी शपथेवर सांगतो की मी कधीही कुठल्याही बोटीवर काम केलेलं नाही. मला फेरीबोटीतही मळमळतं. ज्या तीन वर्षांत मी कॉड पकडत होतो असं छापलं आहे, त्या तीन वर्षांत मी वर्तमानपत्राच्या कचेरीत खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर बसून जन्म, मृत्यू आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत होतो. न्यूफाउंडलंडच्या वादळाची हकीकत मी तिथल्या एका बाईंशी फोनवर बोलून लिहिली. मी तिथे नव्हतो.'

मी मसुद्यात बदल न करता सही केलेला हा आयुष्यातला पहिला कागद. म्हणजे सही त्याची होती, पण मसुद्यात बदल न करणं माझं.

शुक्रवारी आम्ही चौघं गेलो. नोटरीचं ऑफिस एका प्लाझात, ग्रोसरीच्या शेजारी. आत साठीची एक बाई, पांढरे केस, समोर शिक्का. नोटरीने ओळखपत्र बघायचं, शपथ द्यायची, शिक्का मारायचा. मजकुराशी तिला कर्तव्य नसतं. ही वाचू लागली. शेवटाकडे येऊन थांबली.

"मी न्यूफाउंडलंडची आहे," ती म्हणाली. "माझे वडील मासेमारीला जायचे."

रामोनचा चेहरा पडला. इरेनेने त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"काय सांगितलं त्या बाईंनी फोनवर?" नोटरीने विचारलं.

"मी दहा मिनिटांसाठी फोन केला होता. त्या चार तास बोलल्या. त्यांचा नवरा परत आला नव्हता." रामोन हळूहळू बोलत होता. "त्या म्हणाल्या, वादळात घरात बसलं की वारा ऐकू येतो, हे पुस्तकातलं. बोटीला उशीर झाला की ऐकू येतं ते घड्याळ. दुसरं काही ऐकूच येत नाही. म्हणून त्या घड्याळ टॉवेलमध्ये गुंडाळायच्या आणि पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावायच्या."

नोटरी कागदाकडे बघत राहिली.

"माझी आई बटाट्याच्या पोत्यात ठेवायची," ती म्हणाली.

 

मग तिने कागद त्याच्याकडे फिरवला, पेन पुढे केलं आणि विचारलं,

"मग यात खोटं काय आहे?"

"मी तिथे होतो, हे."

त्याने सही केली. तिने शिक्का मारला.

प्रतिज्ञापत्र त्याच दुपारी पाठवलं. पोच मिळाली. त्यास आता पाच महिने झाले. अर्ज प्रलंबित आहे.